उजवी लेन नेमकी कशासाठी?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जायला तीन आणि यायला तीन मार्गिका आहेत. डावी ट्रकसारख्या जड वाहनांची, मधली मोटारींची. मग उजवी? तिला आपण सर्रास 'फास्ट लेन' म्हणतो, आणि घोटाळा या नावातच आहे. ती पुढच्या गाडीला ओलांडण्यासाठी आहे. ओलांडलं, की परत मधल्या लेनमध्ये यायचं.

साधं गणित करू. पुढची गाडी ताशी 80 किमी, आपली 100. फरक 20 चा, म्हणजे सेकंदाला साधारण साडेपाच मीटर. मागेपुढे 50-50 मीटर अंतर राखून ओलांडायला सुमारे 18 सेकंद लागतात. उजव्या लेनमध्ये आपलं काम तेवढंच!

"मी सावकाश चाललोय, कुणाला काय त्रास?" म्हणत तिथेच रेंगाळलं, तर मागचे डावीकडून घुसतात. डावीकडचा काही भाग आपल्याला आरशात दिसत नाही. अपघाताला तेवढं पुरतं.

मागचा वेगमर्यादा मोडत असेल तर? तरीही वाट द्यावी. त्याला शिस्त लावणं पोलिसांचं काम. आपण आरसा बघावा, इंडिकेटर द्यावा आणि डावीकडे यावं.