टेंडर भरताना संगणक का अडतो?

व्यापारी बंधूंनो, धानाच्या गिरण्या आणि तेंदूपत्ता ही आपल्या गोंदिया जिल्ह्याची ओळख. सरकारी टेंडर आता लिफाफ्यात नव्हे, महाटेंडर्ससारख्या संकेतस्थळावर भरावे लागते. भाव बरोबर, कागदपत्रे पूर्ण. पण ऐनवेळी संगणकाने सही घेतली नाही आणि मुदत टळली, तर वर्षाचा धंदा हातचा जातो. असे का होते, ते आपण समजून घेऊ.

डिजिटल सही पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते. ब्राउझरला ती थेट वाचता येत नाही. मध्ये दुसरा प्रोग्राम लागतो. अनेक सरकारी संकेतस्थळांवर हे काम जावा प्लगइन करीत असे. क्रोमने २०१५ साली आणि फायरफॉक्सने २०१७ साली त्याचा आधार काढला. इंटरनेट एक्सप्लोररही मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी बंद केला. म्हणजे दोष पुष्कळदा आपल्या कागदांत नसतो. जुने-नवे प्रोग्राम एकमेकांशी जुळत नाहीत.

म्हणून आम्ही सुचवतो:

१) टोकनचा ड्रायव्हर आणि संकेतस्थळाने सांगितलेला सहीचा प्रोग्राम आठवडाभर आधी तपासा.

२) सहीची मुदत पाहा. १ जानेवारी २०२१ पासून नवी सही वर्ग ३ चीच मिळते.

३) अडचण आल्यास पडद्याचा फोटो काढून, मुदतीपूर्वीच मदतकक्षाला व टेंडर काढणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवा.

४) टोकन आणि पिन दुकानदाराकडे ठेवू नका. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने ती तुमचीच सही ठरते.

शेवटच्या दिवसाची वाट पाहणे, हाच खरा तोटा.