कपडे बदला, सांगाडा नको!

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अरे, सरांनी फक्त रंग बदलायला सांगितला होता, आणि अख्खं पानच तुटलं!" रंग बदलल्यावर पान का तुटावं? कारण मजकूर आणि त्याचं दिसणं एकमेकांत गुंतवून ठेवलेलं असतं.

ह्या गुंत्याची किंमत आपल्या मराठीने भरपूर मोजली आहे. एकेकाळी बरंच मराठी टायपिंग 'शिवाजी'सारख्या फॉन्टमध्ये व्हायचं. फाइलमध्ये साठायचे इंग्रजी अक्षरांचे कोड, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरी रूप द्यायचा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की सगळ्या लेखाची खिचडी! मराठी शब्द सर्च करावा तर सापडायचा नाही. म्हणजे कपडे काढले तर आत माणूसच नाही! युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आहे. तिथे 'क' हा 'क' म्हणूनच साठतो, मग देवनागरीचा फॉन्ट कुठलाही लावा.

वेबवर हीच फारकत सीएसएस करतं. हॉकोन विउम ली यांनी ही कल्पना १९९४ साली मांडली आणि १९९६ च्या डिसेंबरमध्ये तिची पहिली आवृत्ती मान्य झाली. २००३ साली डेव्ह शे यांनी 'सीएसएस झेन गार्डन' सुरू केलं. एचटीएमएल सगळ्यांना एकच, डिझायनरने बदलायची ती फक्त स्टाइलशीट आणि चित्रं. तरी प्रत्येक पान अगदी वेगळं दिसायचं.

आपल्या प्रोजेक्टसाठी ह्यातून चार नियम निघतात.

१. मार्कअपमध्ये फक्त अर्थ लिहा. क्लासचं नाव 'लाल-बटण' नको, 'डिलीट-बटण' ठेवा. उद्या बटण निळं झालं तर पहिलं नाव खोटं ठरेल, दुसरं नाही.

२. रंग, फॉन्ट, अंतरं एकाच फाइलमध्ये व्हेरिएबल म्हणून ठेवा. मग डार्क थीम म्हणजे त्याच व्हेरिएबलना दिलेल्या नव्या किमती. बाकीच्या फाइलींना हातसुद्धा लावायला नको.

३. जावास्क्रिप्टमध्ये रंग लिहू नका. 'ह्या रकान्यात चूक आहे' एवढंच तिने क्लास लावून सांगावं. ती चूक कशी दाखवायची ते सीएसएस बघेल.

४. भाषा मार्कअपमध्ये सांगा. 'गोवंडी' हे नाव मराठीत लिहा की हिंदीत, अक्षरं तीच. मग कॉम्प्युटरला कळणार कसं? मराठी 'ल' आणि 'श' यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं आहे, आणि राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही मराठी वळणच आहे. पानाची भाषा मराठी अशी नोंदवली, तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तो आपलं वळण आपोआप दाखवतो. शिवाय डोळ्यांनी न दिसणाऱ्या मित्राचा स्क्रीन रीडर, त्यात मराठी आवाज असेल तर, पान मराठीत वाचतो.

शेवटी एक सोपी कसोटी. फायरफॉक्सच्या व्ह्यू मेनूमध्ये पानाची स्टाइल बंद करायची सोय आहे. ती बंद करा आणि पान वरून खाली वाचा. शीर्षक, मजकूर, बटणं क्रमाने समजली तर सांगाडा पक्का आहे. नाही समजली तर आधी तो दुरुस्त करा, रंगरंगोटी नंतर. आपलं प्रोजेक्ट पुढच्या वर्षी ज्युनिअर उघडतील, त्यांनी आपल्या नावाने बोटं मोडू नयेत एवढं तरी करूया!