पैसा घेऊ, पण नकार कुणाच्या हाती?

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ भाटघरला विहिरीची पाणीपातळी मोबाइलवर दाखवणारं यंत्र बनवतो. पुण्यातला एक गुंतवणूकदार २६ टक्के हिस्सा आणि संचालक मंडळावर जागा मागतोय. द्यावी का?

उत्तर : जागा द्या, जाणता माणूस मंडळावर असला तर हिशेब शिस्तीत राहतात. घासाघीस करा ती हिश्श्यावर. कंपनी कायद्यात विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात. २५ टक्क्यांहून जास्त भाग ज्याच्याकडे, तो एकटा ठराव अडवतो. २६ हा आकडा उगाच आलेला नाही!

क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीचं उदाहरण पाहा. रहिमतपूरच्या कैलास काटकरांचं पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान. धाकट्या भावानं, संजयनं अँटिव्हायरस लिहिला. सिकोया या गुंतवणूक फंडाचे ६० कोटी आले २०१० मध्ये, माल बाजारात रुळल्यावर. तोवर काय बनवायचं, हे भावांनीच ठरवलं. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

फंडाला ठरावीक वर्षांत पैसे परत करायचे असतात, म्हणून ‘लवकर खपेल तेच बनवा’ असा रेटा येतो. तुमचा सेन्सर गाळात टिकतो का, हे कळायला दोन पावसाळे जातील. तेवढी मुदत करारात लिहून घ्या. आणि गुंतवणूकदाराची संमती कशाकशाला लागेल, ते कलम सहीआधी कंपनी सेक्रेटरीकडून तपासून घ्या. हिस्सा कमी असला तरी नकाराधिकार तिथूनही मिळतो.