थंडीतली पदभ्रमंती आणि कुत्रा

प्रश्न : डिसेंबरात पन्हाळ्यावरून मसाई पठारमार्गे पावनखिंडीपर्यंत तीन वर्षांच्या लॅब्रडॉरला चालवत नेऊ का? बर्फाळ डोंगरांत कुत्री दिवसभर चालतात, मग आपल्या थंडीत अडचण काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मसाई पठारापर्यंत जरूर न्या, पावनखिंडीपर्यंत नको. बर्फातल्या कुत्र्याला थंडीच मदत करते. चालून तापलेले अंग हवा निववते. कोल्हापूरची थंडी पहाटेपुरती. दुपारी पारा ३० अंशांच्या घरात जातो, आणि कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांतून येतो. बाकी भिस्त धापेवर. त्याचे नेहमीचे तापमान ३८.५ अंशांच्या आसपास. ४१ च्या पुढे उष्माघाताचा धोका. त्यात पठार उघडेबोडके, सावली नावापुरती, जांभा तापलेला आणि खरखरीत. तळव्याची कातडी सोलवटली की कुत्रा आधी लंगडत नाही, थांबून पंजा चाटतो. तिथूनच परत फिरा. ही वाट माणसेही सहसा दोन दिवसांत करतात. धनगरांची कुत्री दिवसभर हिंडतात, हे खरे. पण ती अंगाने सडसडीत, सरावलेली. कळप चरताना झुडपाआड बसून घेतात. तुमचा लॅब्रडॉर तुमच्या मागे न बसता चालत राहील, त्याचा हा गुणच इथे घातक. पहाटे निघून दहाच्या आत परता, पाणी तासातासाला थोडे थोडे पाजा. गुरे दिसली की साखळी लावाच. संध्याकाळी रेंगाळू नका, या भागात बिबट्याचा वावर आहे. घरी आल्यावर कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड तपासा.