रस्त्यावरील संताप आणि वाहन-तपासणी
(वरच्या प्राथमिक वर्गांसाठी नागरिकशास्त्राचा पाठ)

खेड्यात ज्या वाटेने पूर्वी बैलगाड्या जात, त्याच वाटेने आज मोटारसायकली, रिक्षा, ट्रॅक्टर आणि उसाचे ट्रक जातात. वाहने बदलली, वेग वाढला. परंतु एकमेकांस वाट देण्याची रीत त्या प्रमाणात वाढली नाही. बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या नाक्यावर दोन वाहने एकमेकांस घासतात, शब्दाने शब्द वाढतो आणि पाहता पाहता हात उगारला जातो. त्याच नाक्यावर पोलीस वाहन थांबवितो व कागदपत्रे मागतो. कोणी घाबरून पळ काढतो, कोणी अरेरावी करतो, तर कोणी मुठीत नोट दाबून पुढे सरकतो. हे सारे पाहणारा एक साक्षीदार पुष्कळदा तेथे असतो. तो म्हणजे वडिलांच्या पाठीमागे बसलेला शाळकरी मुलगा किंवा मुलगी. कायदा म्हणजे काय आणि अधिकार म्हणजे काय, याचा पहिला धडा त्या बालकास नाक्यावरच मिळतो. तो धडा विपरीत असेल, तर तो दुरुस्त करण्याचे काम शाळेकडे येते. त्यासाठी हा पाठ योजिला आहे.

पाठाचे हेतू

१. क्षणिक रागाचे परिणाम किती दूरवर जातात, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून देणे.
२. वाहन थांबविले असता चालकाची कर्तव्ये कोणती, याची माहिती देणे.
३. पोलिसांच्या अधिकारास कायद्याच्याच मर्यादा आहेत, हे समजावून देणे.
४. तक्रार भांडणाने न करता योग्य मार्गाने करण्याची सवय लावणे.

साहित्य

शिक्षकाने स्वतःचा वाहन-परवाना, नोंदणी प्रमाणपत्र, विम्याचा कागद व प्रदूषण-नियंत्रण प्रमाणपत्र, म्हणजे लोक ज्याला पी.यू.सी. म्हणतात ते, वर्गात आणावे. विद्यार्थ्यांनी हे कागद हाताळले म्हणजे त्यांविषयीची अकारण भीती जाते. फळ्यावर गावाजवळच्या नाक्याचा साधा नकाशा काढावा.

प्रस्तावना

पुढील प्रश्न विचारून विषयात प्रवेश करावा: वाटेत समोरून दुसरी बैलगाडी आली, तर गाडीवान काय करतात? मोटारसायकलवाला तसे का करीत नाही? मागून कर्कश हॉर्न वाजला म्हणजे मनात काय येते? उत्तरे मुलांकडूनच काढून घ्यावीत. बैलगाडीवरचा माणूस समोरच्याचा चेहरा पाहतो, बहुधा त्यास ओळखतो, दोन शब्द बोलतो. वेगाच्या वाहनात चेहरा दिसत नाही, दिसते ती केवळ गाडी. दुसऱ्याची चूक ही चूक न वाटता मुद्दाम केलेला अपमान वाटू लागते. रागाची सुरुवात येथे होते, हे मुलांना त्यांच्याच अनुभवावरून पटते.

प्रतिपादन: पहिला भाग

राग आला असता हृदयाचे ठोके जलद होतात, श्वास वाढतो, मुठी आवळल्या जातात. शरीर झुंजीस सज्ज होते आणि विचार मागे पडतो. ही अवस्था पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते. पण तेवढ्या वेळात घडलेली कृती परत घेता येत नाही. ‘अति राग आणि भीक माग’ ही म्हण मुलांना ठाऊक असते. तिचा अर्थ पुढील सत्य घटनेवरून स्पष्ट करावा.

दिनांक २७ डिसेंबर १९८८ रोजी पंजाबातील पतियाळा शहरात, रस्ता देण्याच्या कारणावरून वाद झाला. एका बाजूस होते क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू व त्यांचे एक सोबती. दुसऱ्या बाजूस ६५ वर्षांचे एक गृहस्थ. वादाचे पर्यवसान मारहाणीत झाले आणि त्या गृहस्थांचा मृत्यू ओढवला. पुढे खटला चालला तो तब्बल तीन दशकांहून अधिक काळ. १९९९ साली सत्र न्यायालयाने सिद्धू यांस निर्दोष ठरविले. २००६ साली उच्च न्यायालयाने त्यांस दोषी धरून तीन वर्षांची शिक्षा दिली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने केवळ दुखापतीचा अपराध मानून एक हजार रुपये दंड केला. मृताच्या कुटुंबीयांनी फेरविचाराची मागणी केली, आणि १९ मे २०२२ रोजी त्याच न्यायालयाने एक वर्षाच्या सश्रम कारावासाची शिक्षा सुनावली. धडधाकट खेळाडूचा हातदेखील शस्त्रासारखा घातक ठरू शकतो, अशा आशयाचा विचार न्यायालयाने त्या निकालात मांडला.

ही घटना सांगताना कोणाही व्यक्तीची निंदा करण्याचा हेतू ठेवू नये. विद्यार्थ्यांपुढे एवढेच मांडावे की, वाद होता वाट देण्याचा. त्यापायी एका घरातला वडीलधारा माणूस गेला. आणि कीर्ती व पद मिळविलेल्या दुसऱ्या माणसास चौतिसाव्या वर्षी तुरुंगाची पायरी चढावी लागली. या दोहोंपैकी कोणाचे काय भले झाले, हा प्रश्न वर्गास विचारून थोडा वेळ शांत राहावे.

प्रतिपादन: दुसरा भाग

वाहन थांबविले असता चालकाने काय करावे, हे मोटार वाहन अधिनियम, १९८८ यात सांगितले आहे. गणवेशातील पोलिसाने इशारा केला की वाहन थांबविणे आणि मागितल्यावर परवाना दाखविणे, ही चालकाची कर्तव्ये आहेत. कागद घरी राहिला म्हणून गोंधळून जाण्याचे कारण नाही. २०१८ साली नियमांत दुरुस्ती होऊन कागदपत्रे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखविण्यास मान्यता मिळाली. त्यामुळे डिजिलॉकर किंवा एम-परिवहन यांवरील परवाना मोबाइलवर दाखविता येतो.

थांबताना चालकाने वाहन रस्त्याच्या कडेस घ्यावे, इंजिन बंद करावे आणि ‘साहेब, काय काम आहे?’ असे साध्या स्वरात विचारावे. आवाज चढविल्याने दंड कमी होत नाही. कर्तव्यावरील सरकारी नोकरावर हात उगारणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ नुसार त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. शंभर-दोनशे रुपयांच्या वादातून असा खटला ओढवून घेणे म्हणजे उंदरासाठी घरास आग लावण्यासारखे आहे.

अपघात झाला असता पळून जाणे हा आणखी एक दोष. चालकाने थांबावे, जखमीस दवाखान्यात पोहोचविण्याची व्यवस्था करावी व पोलिसांस कळवावे, असे कायदा सांगतो. वाटेवरच्या मदत करणाऱ्या माणसासही भिण्याचे कारण नाही. २०१९ च्या दुरुस्तीने चांगल्या हेतूने जखमीस साहाय्य करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ व पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक फळ्यावर लिहून पाठ करून घ्यावेत.

प्रतिपादन: तिसरा भाग

आता नाण्याची दुसरी बाजू. महाराष्ट्र पोलिसांच्या बोधचिन्हावर ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीद आहे. सज्जनांचे रक्षण व दुष्टांचे नियमन, हा त्याचा अर्थ. या ब्रीदात सज्जनांचे रक्षण प्रथम आले आहे, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. उन्हातान्हात, धुरात व पावसात तासन् तास उभा राहणारा पोलीस हादेखील कोणाचा तरी बाप असतो. त्याच्या कष्टांविषयी आदर बाळगूनच त्याच्या अधिकाराच्या मर्यादा समजून घ्याव्यात.

या मर्यादा अशा: पोलिसाने कायद्यातील तरतुदीनुसार परवाना ताब्यात घेतला, तर त्याने चालकास तात्पुरती पोच दिली पाहिजे, परवाना परत मिळेपर्यंत त्या पोचेवर वाहन चालविता येते. दंड भरला तर पावती मिळाली पाहिजे; पावतीवाचून दिलेला पैसा सरकारी खजिन्यात जात नाही. मद्यपानाच्या अपराधावरून मोटार वाहन अधिनियमाखाली कोणास अटक केली, तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून त्याची तपासणी व्हावयास हवी. तसे न झाल्यास त्यास सोडावे लागते. कोणत्याही अटकेच्या वेळी पोलिसाच्या गणवेशावर त्याचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे, अटकेचे कारण सांगितले पाहिजे आणि नातेवाइकास कळविले पाहिजे. १९९६ साली डी. के. बसू यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेविषयीचे दंडक घालून दिले. पुढे ते कायद्यातही समाविष्ट झाले. अटक झालेल्यास चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, हे तर राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदातच आहे.

शिवीगाळ करणे, थप्पड मारणे, कान धरून उभे करणे यांस कोणत्याही कलमाचा आधार नाही. अपराधाची शिक्षा ठरविण्याचे काम न्यायालयाचे. रस्त्यावर ती देण्याचा अधिकार कोणासच नाही. शिवाय कायदा राबविणाऱ्यानेच या अधिनियमाखालील अपराध केला, तर त्यास दुप्पट दंड सांगितला आहे, हेही विद्यार्थ्यांस सांगावे. हेल्मेटवाचून जाणारा पोलीस पाहून ‘त्यांना कोण विचारणार?’ असे मुले म्हणतात. त्यास कायद्याचे हे उत्तर आहे.

अन्याय झाल्यास काय करावे? नाक्यावर हुज्जत घालू नये. पोलिसाचे नाव, ठिकाण, दिनांक व वेळ टिपून ठेवावी. नंतर ठाणे अंमलदारांकडे आणि तेथे दाद न लागल्यास जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करावी. कोणी लाच मागितली, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. लाच देणाराही निर्दोष नसतो, हे मात्र विसरू नये. खिशात परवाना नाही म्हणून पन्नासाची नोट पुढे करणारा माणूसच तो व्यवहार सुरू करतो.

उपयोजन

वर्गात लहानसे नाट्यीकरण करावे. एक विद्यार्थी पोलीस, एक चालक, एक मागे बसलेले मूल. प्रसंग दोनदा करवून घ्यावा: प्रथम दोघेही आवाज चढवितात, नंतर दोघेही आपापल्या मर्यादेत बोलतात. त्यानंतर भूमिका बदलाव्यात. जो मुलगा चालक झाला होता, तो पोलीस झाला म्हणजे त्याची वाणी कशी बदलते, हे इतरांस टिपावयास सांगावे. शेवटी मागे बसलेल्या मुलास विचारावे: ‘तुला काय वाटले?’ या पाठाचे सार बहुधा त्याच उत्तरात सापडते.

शिक्षकांनी एक पथ्य कटाक्षाने पाळावे. ‘तुझ्या वडिलांना पोलिसांनी पकडले होते ना?’ असा प्रश्न वर्गात कधीही विचारू नये. काही मुलांनी आपल्या वडिलांचा अपमान डोळ्यांनी पाहिलेला असतो. काहींचे वडील स्वतःच पोलीस असतात. दोघांचीही मान वर्गात ताठ राहिली पाहिजे.

अठरा वर्षांखालील मुलांच्या हाती मोटारसायकल देण्याविषयी पालकसभेत अवश्य बोलावे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून अपराध केल्यास पालक किंवा वाहनमालक यांस तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड अशी तरतूद २०१९ पासून कायद्यात आहे. ‘शेतावरच तर जातो’ ही सबब रस्त्यावर चालत नाही.

स्वाध्याय

१. वाहन चालविताना जवळ असावयाच्या चार कागदांची नावे लिहा.
२. परवाना ताब्यात घेतल्यास पोलिसाने काय दिले पाहिजे?
३. पतियाळा येथील घटनेत दोन्ही पक्षांनी काय केले असते तर अनर्थ टळला असता? दहा ओळी लिहा.
४. पोलीस अधीक्षकांस लिहावयाच्या तक्रार-अर्जाचा नमुना तयार करा. अर्जात एकही अपशब्द नसावा.

हा पाठ एका तासिकेत संपविण्याची घाई करू नये. दोन तासिका द्याव्यात. त्याची खरी परीक्षा मात्र शाळेच्या फाटकाबाहेर होते. विद्यार्थी शिक्षकाची मोटारसायकल रोज पाहतात. तिच्यावर हेल्मेट आहे की नाही, तिचा हॉर्न शाळेजवळ वाजतो की नाही, नाक्यावर गुरुजी किंवा बाई थांबतात की वळसा घालून निघून जातात, हे सारे त्यांच्या ध्यानात राहते. फळ्यावरील पाठ पुसला जातो. हा पाठ पुसला जात नाही.