विद्यार्थी-विनिमय : युरोपचा अनुभव आणि कळंबची पूर्वतयारी

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे श्रीचिंतामणीचे क्षेत्र म्हणून विदर्भात सर्वपरिचित आहे. कापसाच्या मुलखातील या तालुक्याच्या गावी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-कळंब रेल्वेमार्ग सुरू झाला आणि वर्ध्यामार्गे ते देशाच्या मुख्य लोहमार्गांशी जोडले गेले. दळणवळणाची सोय झाली की तरुणांच्या आकांक्षाही विस्तारतात, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. उच्च शिक्षणासाठी परदेशी जाण्याचा विचार आता केवळ मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही. तथापि परदेशातील विद्यापीठापर्यंतची वाट तिकिटापेक्षा दाखल्यांवर आणि करारांवर अधिक अवलंबून असते. ही वाट निर्वेध कशी करावी, याविषयी युरोपातील विद्यापीठांचा गेल्या चार दशकांचा अनुभव पुष्कळ शिकविणारा आहे.

विनिमय म्हणजे काय?

परदेशी शिक्षणाचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात विद्यार्थी परदेशातील विद्यापीठात संपूर्ण पदवीसाठी प्रवेश घेतो. दुसऱ्या प्रकारात तो आपल्याच विद्यापीठाचा विद्यार्थी राहून एखादे सत्र अथवा वर्ष परदेशात शिकतो आणि तेथे केलेला अभ्यास येथील पदवीत जमा होतो. या दुसऱ्या प्रकारास विद्यार्थी-विनिमय म्हणतात. यात यजमान विद्यापीठ सामान्यतः शिक्षणशुल्क आकारीत नाही, कारण त्याचेही विद्यार्थी तितक्याच सवलतीने दुसरीकडे जात असतात. पदवीसाठी जाणाऱ्यास प्रवेश आणि शिष्यवृत्ती मिळाली की पुष्कळसे काम होते. विनिमयासाठी जाणाऱ्याच्या बाबतीत मात्र दोन विद्यापीठांचे हिशेब जुळावे लागतात. ते न जुळल्यास परत आलेल्या विद्यार्थ्याला तोच अभ्यास पुन्हा करावा लागतो. सुखवस्तू घरातील मुलाला एक वर्ष वाया गेल्याची खंत वाटेल. शेतमजुराच्या मुलाचे मात्र त्यामुळे शिक्षणच थांबू शकते.

इरॅस्मस योजनेचा विस्तार

युरोपात ‘इरॅस्मस’ ही विनिमय योजना १९८७ मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थ्यांनी तिचा लाभ घेतला. देशोदेशी फिरून विद्याध्ययन करणाऱ्या एका डच पंडिताचे नाव या योजनेस देण्यात आले आहे. पुढे तिची व्याप्ती वाढत गेली. २०२१ ते २०२७ या कालावधीसाठी तिच्याकरिता सुमारे २६ अब्ज युरोंची तरतूद करण्यात आली. २००४ पासून ‘इरॅस्मस मुंडुस’ या नावाने संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम चालविले जातात. त्यांत विद्यार्थी किमान दोन देशांत शिकतो. भारतीय विद्यार्थ्यांनी या शिष्यवृत्त्यांचा मोठ्या संख्येने लाभ घेतला आहे. २०१५ पासून युरोपाबाहेरील विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनाही अल्प मुदतीच्या विनिमयासाठी प्रवासखर्च व मासिक भत्ता मिळण्याची सोय झाली. मात्र त्यासाठी दोन्ही विद्यापीठांत आधी लेखी करार असणे आवश्यक आहे.

श्रेयांकांचे गणित

ही योजना टिकण्याचे मुख्य कारण पैशापेक्षा हिशेबाच्या पद्धतीत आहे. १९८९ पासून युरोपीय विद्यापीठांनी समान श्रेयांकांची पद्धत प्रथम प्रायोगिक स्वरूपात अवलंबिली. महाविद्यालयांत ज्यास सर्रास ‘क्रेडिट’ म्हणतात, तोच हा श्रेयांक. १९९९ मध्ये २९ देशांनी बोलोन्या येथे केलेल्या घोषणेने या पद्धतीस व्यापक मान्यता मिळाली. तिच्यानुसार पूर्ण वर्षाच्या अभ्यासास ६० श्रेयांक मिळतात. एका श्रेयांकासाठी तासिका, वाचन, प्रात्यक्षिके व परीक्षेची तयारी मिळून २५ ते ३० तासांचे काम अपेक्षित असते.

भारताच्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे ४० श्रेयांक धरलेले असून प्रत्येक श्रेयांकास ३० तासांचे काम गृहीत आहे. म्हणजे युरोपातील एका सत्राचे ३० श्रेयांक आपल्याकडील एका सत्राच्या २० श्रेयांकांशी वर्षाच्या प्रमाणात जुळतात. हे प्रमाण तिनास दोन असे पडते. विद्यार्थ्याने तेथे १८ श्रेयांकांचेच विषय घेतले, तर येथे त्याचे १२ होतील आणि उरलेले ८ त्यास अन्यथा पूर्ण करावे लागतील. ही गोष्ट जाण्यापूर्वी कळली तर विद्यार्थी आणखी एक-दोन विषय घेतो. परतल्यावर कळली तर त्याचे सत्र वाया जाते. म्हणूनच इरॅस्मस योजनेत निघण्यापूर्वी विद्यार्थी, त्याचे विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ या तिघांच्या सह्यांचा अध्ययन-करार करण्यात येतो. कोणते विषय घ्यावयाचे आणि त्यांच्या बदल्यात येथील कोणते विषय उत्तीर्ण मानावयाचे, हे त्यात नमूद असते. तेथे गेल्यावर एखादा विषय उपलब्ध नसल्याचे आढळल्यास करारात बदल करता येतो. मात्र तोही तिघांच्या संमतीने व लेखी होतो.

बदलत्या परिस्थितीतील कसोटी

गेल्या दहा-बारा वर्षांत या व्यवस्थेची अनेकदा कसोटी लागली. २०१४ मधील सार्वमतानंतर स्वित्झर्लंड या योजनेच्या पूर्ण सदस्यत्वाबाहेर पडले. त्या देशाने स्वतःच्या निधीतून पर्यायी योजना चालविली आणि त्यात येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांचाही खर्च धरला. ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यानंतर २०२१ मध्ये ‘ट्युरिंग’ योजना सुरू केली. तिच्यात बाहेर जाणाऱ्या ब्रिटिश विद्यार्थ्यांना साहाय्य होते. येणाऱ्यांसाठी तरतूद नव्हती. वेल्सला ही एकेरी व्यवस्था अपुरी वाटल्याने त्याने २०२२ मध्ये ‘तैथ’ नावाची दुहेरी योजना काढली. अखेर २०२७ पासून ब्रिटनने इरॅस्मसमध्ये पुन्हा सहभागी व्हावे, असे डिसेंबर २०२५ मध्ये उभय बाजूंनी जाहीर केले. देवाणीबरोबर घेवाण नसेल तर विनिमय फार काळ टिकत नाही, हा यातील बोध होय.

२०२० मध्ये कोविडच्या साथीने हजारो विद्यार्थी परक्या शहरांत अडकले. त्या वेळी अनपेक्षित आपत्तीविषयीचे कलम लागू करून वाढीव खर्च मान्य करण्यात आला आणि घरी परतून दूरस्थ पद्धतीने पूर्ण केलेला अभ्यासही ग्राह्य धरण्याची मुभा देण्यात आली. या अनुभवातून मिश्र स्वरूपाचे कार्यक्रम पुढे आले. त्यांत ५ ते ३० दिवस प्रत्यक्ष परदेशात राहून उर्वरित अभ्यास संगणकाद्वारे केला जातो आणि किमान ३ श्रेयांक मिळतात. घरची जबाबदारी असलेल्या अथवा सहा महिने दूर राहणे न परवडणाऱ्या विद्यार्थ्यास ही सोय विशेष उपयुक्त आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध भडकले, तेव्हा ‘ऑपरेशन गंगा’द्वारे वीस हजारांहून अधिक भारतीयांना मायदेशी आणण्यात आले. त्यांत बहुसंख्य वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी होते. त्यांचे प्राण वाचले, परंतु अर्धवट राहिलेल्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने अन्य देशांतील विद्यापीठांत तात्पुरते शिक्षण घेऊन मूळ विद्यापीठाचीच पदवी मिळविण्याच्या व्यवस्थेस अनुमती दिली. अशा प्रसंगी विद्यार्थ्याच्या हाती आपल्या अभ्यासाची अद्ययावत व प्रमाणित नोंद असणे किती महत्त्वाचे असते, हे तेव्हा अनेक पालकांच्या प्रत्ययास आले.

आपल्याकडील जुना दाखला

खंडित शिक्षणास पुन्हा जोडून घेण्याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने पहिले महायुद्ध चालू असतानाच १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. त्यांचे सामान व ग्रंथ घेऊन येणारे जहाज पाणतीराने बुडविले. लंडन विद्यापीठाने मात्र चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची त्यांना परवानगी दिली होती. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसा साठविला आणि राजर्षी शाहू महाराज व एका मित्राच्या साहाय्याने १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. व १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी संपादन केल्या. मधल्या काळात जर्मनीतील बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदविले होते. विद्यार्थ्याची जिद्द तर असामान्य होतीच. पण परत येण्याची वाट विद्यापीठाने खुली ठेवली होती, हेही विसरता येत नाही.

त्याच सुमारास अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यातून निघालेले पंजाबराव देशमुख एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे शिकले, डॉक्टरेट मिळवून व बॅरिस्टर होऊन परतले आणि त्यांनी विदर्भाच्या ग्रामीण भागात शिक्षणाचे जाळे विणले. खेड्यातील एक विद्यार्थी परदेशी शिकून येतो तेव्हा त्याचा लाभ केवळ त्याच्या कुटुंबापुरता राहत नाही, हे यावरून दिसून येते.

देशातील उपलब्ध व्यवस्था

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेनुसार जुलै २०२१ पासून श्रेयांकांची राष्ट्रीय पेढी कार्यान्वित झाली असून तिच्यात विद्यार्थ्याच्या नावे खाते उघडले जाते. मे २०२२ च्या नियमांनी भारतीय व परदेशी विद्यापीठांना जोड-अभ्यासक्रम आणि संयुक्त व दुहेरी पदव्या चालविण्याची मोकळीक दिली. जोड-अभ्यासक्रमात ३० टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशी संस्थेत मिळविता येतात.

संपूर्ण पदवीसाठी शिष्यवृत्त्याही आहेत. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी मिळून वर्षाला १२५ जागा ठेवण्यात आल्या आहेत. अनुसूचित जमातींसाठीच्या स्वतंत्र योजनेत २० जागा असून त्यांतील ३ जागा विशेष असुरक्षित आदिम जमातींसाठी राखून ठेवलेल्या आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील कोलाम समाज याच गटात मोडतो. राज्य शासनाची अनुसूचित जातींसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून चालू आहे. गुण, वय, उत्पन्न व विद्यापीठाचा जागतिक क्रमांक यांविषयीच्या अटी वेळोवेळी बदलतात. त्यामुळे ऐकीव माहितीवर विसंबून न राहता त्या त्या वर्षीची जाहिरात मुळातून वाचणे अगत्याचे आहे.

तालुका पातळीवरील कर्तव्ये

विनिमयाचा करार विद्यापीठाने करावयाचा असला, तरी त्याचा पाया गावातच घातला जातो. जन्मनोंदीतील नाव, शाळेच्या दाखल्यावरील नाव आणि आधारपत्रावरील नाव यांत एका अक्षराचा फरक असला, तरी पारपत्राचे काम अडू शकते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत जन्मप्रमाणपत्र हाच जन्मतारखेचा मूळ पुरावा राहणार असल्याने ग्रामपंचायतीच्या नोंदवहीचे महत्त्व आणखी वाढले आहे. जन्माची नोंद वेळेत व अचूक करवून घेणे हे पंचायत सदस्यांचे पहिले कर्तव्य होय.

शिक्षकांनी नववी-दहावीतच होतकरू विद्यार्थी हेरून त्यांच्या पालकांना जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास दाखला व उत्पन्नाचा दाखला यांची माहिती द्यावी. इंग्रजी वाचनाची व लेखनाची सवय याच वयात लावावी. ही तयारी अखेरच्या वर्षासाठी ठेवली, तर अर्जाची मुदत टळून जाते.

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनी प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, तासांची संख्या व श्रेयांक यांचे इंग्रजी विवरण तयार ठेवावे. यजमान विद्यापीठ सर्वप्रथम हेच मागते. एका प्राध्यापकावर हे काम सोपवून त्याचे नाव फलकावर लावल्यास विद्यार्थ्यांची वणवण थांबेल. श्रेयांकांच्या खात्यावर दरवर्षी नोंद झाली की नाही, हेही त्याने पाहावे.

तहसील व प्रकल्प कार्यालयांतील अधिकाऱ्यांनी परदेशी प्रवेशासाठी लागणाऱ्या दाखल्यांच्या अर्जांवर मुदतीची तारीख ठळक लिहून ते अग्रक्रमाने निकालात काढावेत. शिष्यवृत्ती मंजूर होऊनही पहिला हप्ता उशिरा पोचला, तर परक्या शहरात घरभाडे भरण्याची पंचाईत होते, याची जाणीव प्रत्येक टेबलावर असावी.

येणाऱ्यांचेही स्वागत

विनिमय दुहेरी असावा लागतो, हे युरोपच्या अनुभवाने दाखवून दिले आहे. कळंब परिसराजवळ दाखविण्यासारखे व शिकविण्यासारखे पुष्कळ आहे. जवळच वर्धा व सेवाग्राम आहे. कोरडवाहू कापूस, पाणलोटाची कामे, कोलामी भाषा व संस्कृती हे जगातील कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासाचे विषय आहेत. पंधरा दिवसांसाठी आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांसोबत येथील विद्यार्थ्यांनी एखाद्या गावाची पाहणी केली, तर ज्यांना परदेशी जाणे शक्य नाही त्यांनाही विनिमयाचा लाभ घरबसल्या मिळू शकेल. बरोबरीच्या नात्याने एकत्र काम केल्यामुळे ग्रामीण विद्यार्थ्यांचा संकोचही दूर होईल.

राज्यांच्या सीमा, सरकारांची धोरणे आणि निधीच्या तरतुदी बदलत राहणारच. त्या बदलांत विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाऊ नये, यासाठी निघण्यापूर्वीचा लेखी करार, वेळेवर पोचणारा पैसा आणि खंड पडल्यास परतीची खुली वाट या तीन गोष्टींची हमी पाहिजे. शाळा, पंचायत, महाविद्यालय व शासकीय कार्यालये यांनी आपापला वाटा वेळेत उचलला, तर कळंब तालुक्यातील शेतकऱ्याच्या वा शेतमजुराच्या मुलीला परदेशी विद्यापीठात निर्धास्तपणे जाता येईल आणि तेथे मिळविलेली विद्या पदरात बांधून सन्मानाने परतताही येईल.