खरखर कुठून येते?

घरी रेडिओवर बातम्या चालू आहेत. तेवढ्यात गल्लीत कोणीतरी जुनी स्कूटर सुरू करतो. लगेच रेडिओत 'खर्र खर्र' आवाज येतो. स्कूटर दूर गेली, की आवाज थांबतो. तुम्ही हे ऐकले नसेल, तर आजोबांना विचारा. त्यांना नक्की आठवेल.

असे का होते? इंजिनात पेट्रोल पेटवण्यासाठी विजेची ठिणगी पडते. त्या ठिणगीतून रेडिओच्या लहरीही निघतात. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झ यांनी 1887 च्या सुमारास अशाच ठिणगीतून लहरी निर्माण करून दाखवल्या. पुढे काही वर्षे जहाजांवरून बिनतारी संदेश पाठवायलाही ठिणगीचेच यंत्र वापरत. म्हणजे पेट्रोलचे प्रत्येक इंजिन हे एक छोटेसे रेडिओ केंद्रच आहे. फक्त त्याचा कार्यक्रम कोणालाच नको असतो!

नागपूरला हा प्रश्न नवा नाही. 1949 साली रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून डाकोटा विमाने मध्यरात्री सोनेगावच्या विमानतळावर उतरत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने परत जात. डाकोटाच्या एका इंजिनात 14 सिलिंडर आणि 28 स्पार्क प्लग असत. अंधारात वैमानिकाला रेडिओचा मोठा आधार. त्यात खरखर शिरली तर?

नागपूर फ्लाइंग क्लबने सेस्ना 152 या लहान विमानांवर अनेकांना उड्डाण शिकवले आहे. या विमानाच्या इंजिनाला चार सिलिंडर असतात. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. ठिणगीची वीज तयार करणारी 'मॅग्नेटो' ही यंत्रेही दोन असतात. एक बिघडले, तरी दुसऱ्यावर इंजिन चालते. मिनिटाला 2400 फेरे होत असतील, तर एक मॅग्नेटो सेकंदाला 80 ठिणग्या पाडतो. रेडिओची एरियल तेथून काही फुटांवरच असते. नियंत्रण कक्षातून 'थांबा' असे सांगितले आणि शिकाऊ वैमानिकाला ते ऐकूच आले नाही, तर केवढा धोका!

म्हणून प्लगच्या तारांवर धातूची जाळी विणलेली असते. लहरी त्या जाळीत अडतात. चांगल्या स्थितीतल्या विमानाचा रेडिओ शांत असतो. खरखर आली, की समजावे, कुठेतरी जाळी तुटली आहे, नट सैल झाला आहे किंवा प्लगला तडा गेला आहे. अशा वेळी नुसता रेडिओ बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

चांगला मेकॅनिक आधी पाना उचलत नाही. तो आधी ऐकतो. इंजिन बंद ठेवून तो बॅटरीवर रेडिओ लावतो. खरखर नसेल, तर दोष इंजिनाकडे आहे. मग इंजिन सुरू करतो. वेग वाढवला, की 'कुंई' असा सलग सूर चढतो का? तसे असेल तर तो अल्टरनेटर बंद करून पाहतो. सूर थांबला, तर चोर तोच. पण 'टक टक टक' असा तुटक आवाज वेगाबरोबर जलद होत असेल, तर ती ठिणगीच.

आता किल्लीची पाळी. किल्लीने एक एक मॅग्नेटो बंद करता येतो. डावा बंद केल्यावर खरखर गेली, तर दोष डाव्या बाजूला. आठ तारांपैकी चार तारा एका क्षणात निर्दोष सुटल्या! उरलेल्या चार तारा तो इंजिन बंद करून बोटाने चाचपतो. तार पत्र्याला घासते का? तेल किंवा पावसाचे पाणी शिरले आहे का? नागपूरच्या उन्हाळ्यात रबर कडक होऊन चिरले आहे का? संशय आलेला प्लग तो दुसऱ्या जागी लावतो आणि पुन्हा ऐकतो. मात्र एका वेळी एकच वस्तू बदलतो. दोन बदलल्या, तर दोष कोणाचा ते कळणार नाही.

एक तार मात्र फार जपून पाहावी लागते. मॅग्नेटो बॅटरीवर चालत नाही. तो फिरला, की स्वतःच वीज तयार करतो. त्याला बंद करण्यासाठी किल्ली एका तारेने त्याची वीज विमानाच्या धातूच्या अंगात उतरवते. या तारेची जाळी सुटली, तर खरखर येते. तारच तुटली, तर किल्ली 'बंद' दाखवते, पण मॅग्नेटो जागाच राहतो. अशा वेळी कोणी पंखा हाताने जरा फिरवला, तरी इंजिन सुरू होऊ शकते. म्हणूनच विमान उभे असले, किल्ली मेकॅनिकच्या खिशात असली, तरी तो कोणाला पंख्याला हात लावू देत नाही.

स्वाध्याय
1. रात्रीची हवाई टपाल घेऊन विमाने नागपूरला कोठून येत?
2. मेकॅनिक एका वेळी एकच वस्तू का बदलतो?
3. 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही म्हण वापरून एक प्रसंग लिहा.
4. पाठातील आवाजांचे शब्द शोधा. उदा., खर्र खर्र.